अनूबाईंचं कपाळ

माझा धंदा तोंडं रंगवायचा. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण दुसरं कसं सांगू? चिंचवड स्टेशनाजवळ आमचं ड्रेपरीचं दुकान होतं. ड्रेपरी म्हणजे नाटकाला लागणारा सगळा सरंजाम. कपडे, टोप, दाढ्यामिशा, मुकुट, लाकडी तलवारी. गावोगावच्या हौशी मंडळींना हे भाड्यानं द्यायचं, ट्रंका बैलगाडीत टाकून बरोबर जायचं आणि तिथं पात्रांना रंगवायचंही आपणच. माझे वडील एका नाटक कंपनीत शिंपी होते. कंपनी बुडाली तेव्हा मालकांनी कपड्यांच्या ट्रंका त्यांच्या हवाली केल्या. तीच आमची वतनवाडी.

मी गफूर. मावळात, हवेलीत, चाकणच्या बाजूला गफूरभाई म्हटलं की लोक हसायचे, कारण प्रत्येकाला मी कधी ना कधी मिशी चिकटवलेली असायची. पैलवानांना मी राजे केलं, नांगरावरून उठून आलेल्यांना बॅरिस्टर केलं. भोसरीच्या एका म्हशीवाल्याला बादशहा केला, तर तो पुढं आठवडाभर घरात बायकोला टाळी वाजवून बोलवत होता. शेवटी तिनं एकदा टाळीला टाळी दिली, त्याच्या गालावर, तेव्हा बादशाही संपली.

आता लोक मला विचारतात, "गफूरभाई, एवढी माणसं तुमच्या हाताखालून गेली, सगळ्यांत मोठं कोण?" त्यांना एखादं बडं नाव ऐकायचं असतं. मी सांगतो, अनूबाई. ते म्हणतात, कोण अनूबाई? तेच तर. तेच सांगायला बसलोय. जिच्यासाठी ही गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली त्या अनूबाईंच्या लेकीनंच परवा सांगितलं, "लिहा चाचा, आता कुणाचं काय वाकडं होणार आहे?" म्हणून लिहितो.

आधी त्या वेळचा रिवाज सांगायला हवा, नाहीतर काही उमजायचं नाही. पन्नासनंतरची वर्षं. प्रत्येक गावाच्या जत्रेत गावच्या पोरांचं नाटक व्हायचंच. पुरुषांची कामं पोरं करायची. पूर्वी बायकांची कामंही मिसरूड काढून पोरंच करायची, पण आता लोकांना ते खपेना. मग पुण्याहून 'बाई' ठरवायची. एका प्रयोगाला 'नाईट' म्हणत. भर दुपारी झाला तरी नाईटच. बाई प्रयोगाच्या दिवशी यायची, एक तालीम करायची आणि थेट उभी राहायची. महिनाभर घोकून तयार झालेले नायक बाई समोर आली की ततपप करायचे. मग त्यांची वाक्यंही बाईनंच सांभाळायची. "तुम्ही मला हेच सांगणार ना, की मी माहेरी जावं?" असं म्हणून त्याच्या तोंडचं त्याला द्यायचं. हे काम फार थोड्यांना जमायचं. अनूबाईंना असं जमायचं की नायकाला वाटावं, आपणच आज काय बोललो!

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते मोशीला. दोन बायका ठरल्या होत्या. एक आईच्या कामाला, एक मुलीच्या. आईचं काम करणारी आलीच नाही. मंडळींची पाचावर धारण बसली. अनूबाई ट्रंकेवर बसून सुपारी कातरत होत्या. तिशी ओलांडलेली, सावळी, मध्यम उंचीची बाई. बाजारात शेजारून गेली तर मान वळवून बघावं असं काही नाही. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? दोन्ही मीच करते."

मी म्हटलं, "बाई, दुसऱ्या अंकात आई आणि मुलगी भांडतात. समोरासमोर."

"भांडू द्या की," त्या म्हणाल्या. "भाई, तुम्ही मला फक्त एक लांब पदराचं लुगडं द्या."

आणि त्या भांडल्या. पदर डोक्यावर, मान पुढे, पाठीला पोक, आवाज घशाच्या तळातून, की आई. अर्धी गिरकी, पदर खांद्यावर, मान ताठ, की मुलगी. मी विंगेत होतो, चार हातांवर. मी स्वतः तिला रंगवलेलं, मला ठाऊक की बाई एकच आहे. तरी माझी नजर आळीपाळीनं दोन ठिकाणी जात होती. अंगावर काटा आला म्हणतात तो मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. नाटक संपल्यावर मंडळींनी जेवणाची दोन ताटं धाडली, एक आईला अन् एक मुलीला. अनूबाईंनी दोन्ही ठेवून घेतली. एक मला दिलं.

सिनेमातही त्या कामं करत. पुण्याच्या स्टुडिओत त्यांना एकेका दिवसाचं काम मिळे. कधी नर्स, कधी कोळीण, कधी छळणारी जाऊ, कधी दाराशी येऊन निरोप सांगणारी शेजारीण. एकदा आम्ही दोघं आणि माझी बायको जुबेदा सिनेमाला गेलो. पडद्यावर एक खाष्ट आत्या आली तशी जुबेदा बोटं मोडायला लागली, "मुडदा बशिवला मेलीचा!" आणि मेली तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होती. सिनेमावाले अनूबाईंना म्हणायचे, "बाई, काम झकास करता, पण तुमचा चेहरा लक्षात राहत नाही." मोठं काम म्हणून कुणी देत नसत. पुढं वय झाल्यावर आयांची कामं मिळाली, बरी मिळाली, पण ते फार नंतर. मला त्या वेळी त्या सिनेमावाल्यांचा भयंकर राग यायचा. अरे, जी बाई दर वेळी दुसरीच होते, तिचा चेहरा लक्षात राहील कसा?

त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट मात्र पक्की होती. दोन भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण. एक ठसठशीत ठिपका आणि त्याखाली बारीक रेघ. लहानपणी साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात आजीनं गोंदवून घेतलेलं. आता राणीला किंवा वकिलाच्या बायकोला गोंदण कसं चालेल? म्हणून काम कुठलंही असो, अनूबाई रंगायला बसल्या की पहिलं ते झाकायचं. हिरव्यावर नुसता पांढरा सफेदा लावला तर ते राखेसारखं दिसतं. आधी लालसर हात द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग वरून कातडीच्या रंगाचा. लालानं हिरवं मरतं. हे मी वडिलांकडून शिकलो होतो, आणि या कामात माझा हात धरणारा पुण्यात नव्हता, हे मी लाजत सांगत नाही.

अनूबाईंना एक मुलगी होती, शालन. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. तिकडं त्यानं दुसरा संसार मांडल्याचं कळलं होतं. अनूबाई तरी कुंकू लावत. मुलगी त्यांनी आपल्या भावाकडं ठेवली होती. भाऊ दत्तोबा रेल्वेत खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा गडी, राहायला आमच्या शेजारीच. नटीची मुलगी म्हटली तर पोरीला कोण करून घेणार, म्हणून दत्तोबानं चिंचवडला आल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं की पोर माझ्या मेलेल्या बहिणीची. अनूबाई सणासुदीला मावशी म्हणून यायच्या. शालनला खरं ठाऊक होतं. घरात दार लावलं की आई, दार उघडलं की मावशी. मला हे बघवत नसे. पण त्या माय-लेकी इतक्या सहजपणे करायच्या की कधीकधी वाटे, पोरगीही आईच्याच वळणावर गेली.

शालनला पिंपळे गुरवचं स्थळ आलं. घर बागायती, मुलगा पिंपरीत नव्या औषधाच्या कारखान्यात लागलेला. मुलाचे वडील तात्या म्हणजे गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. आणि इथंच माझे डोळे पांढरे झाले. आदल्या साली त्याच जत्रेत अनूबाईंनी नाटक केलं होतं, अन् याच तात्यांनी स्टेजवर त्यांना हार घातला होता.

"मग तुम्ही बघायच्या कार्यक्रमाला येऊ नका," मी अनूबाईंना म्हणालो.

"माझ्या लेकीला बघायला माणसं येणार आणि मी येऊ नको?" त्या म्हणाल्या. "मला तिची सासू बघायचीय, भाई. सासरा मुलगा कसे का असेनात, पोरीला दिवस काढायचे असतात सासूबरोबर. मी येणार. विधवा मावशी म्हणून येणार. म्हणजे नवरा कुठं आहे हे कुणी विचारायला नको."

त्या दिवशी सकाळी त्या आधी आमच्याकडं आल्या. बांगड्या काढल्या. कुंकू पुसलं. जिवंत नवऱ्याचं कुंकू बाई पुसते हे बघून जुबेदा आत निघून गेली. मग अनूबाई माझ्यासमोर बसल्या आणि सवयीनं मान वर केली. मीही सवयीनं डबी उघडली. लालसर हात, मग कातडीचा. गोंदण गेलं. दोघांच्याही मनात काही आलं नाही. लोकांसमोर जायचं तर कपाळ झाकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

शेजारी म्हणून मीही दत्तोबाच्या घरात होतो. तात्या आले तसे मला बघून ओरडलेच, "आरं, गफूरभाई! तुमी हितं? आता हितंबी मिश्या लावताय काय लोकांस्नी?" सगळे हसले. मी पण हसलो, पण डोळा आतल्या दारावर ठेवला.

तेवढ्यात अनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. खरं सांगतो, मी त्यांना ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण माझ्या मनानं ओळखलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं चालणारी, आपली सावली कुणावर पडू नये अशी जपणारी एक बाई आली. पावलांचा आवाज नव्हता. तांब्या ठेवून झाल्यावर ती मागं सरकली, उगाचच, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तात्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ज्या बाईला हार घालताना गेल्या साली त्यांचे कान लाल झाले होते, ती हातभर अंतरावरून गेली आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

मुलाची आई हौसाबाई मात्र गप्प बसून होती. अंगानं भरलेली, नाकात नथ, बोलणं कमी. तिनं शालनला चार प्रश्न विचारले, तिची ओटी भरली, दत्तोबाच्या बायकोला कुंकू लावलं. मग तिचा हात करंड्यासकट अनूबाईंच्या समोर थांबला. क्षणभरच. अनूबाईंनी मान खाली घातली. उकाडा मरणाचा होता, पत्र्याची खोली, सगळ्यांना घाम फुटलेला. हौसाबाईनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "पोरगी पसंत हाय आमाला."

लग्न वैशाखात ठरलं. अनूबाई त्या दिवशी आमच्या घरी येऊन जुबेदाच्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, "सासू चांगली आहे गं. कमी बोलते."

पण मध्ये चैत्र होता, आणि चैत्रात जत्रा. तात्यांनी गेल्या सालची बाईच पायजे म्हणून स्थळ येण्याआधीच अनूबाईंना विडा देऊन ठेवला होता. विडा घेतलेली नाईट मोडायची नाही हा आमच्या धंद्याचा कायदा. मोडली तर अख्ख्या गावाचं नाटक बसतं, आणि मंडळी का मोडली म्हणून शोध घेत घरापर्यंत येतात. तेही परवडणारं नव्हतं. आणि दुष्काळात तेरावा म्हणतात तसं, नाटक त्या साली दुपारी. गावची अर्धी पोरं कारखान्यात रातपाळीला लागलेली, म्हणून कमिटीनं दुपारची वेळ धरली. गॅसबत्ती फार दयाळू असते. तिच्या उजेडात काहीही खपतं. ऊन मात्र तोंडावरचा एकेक थर मोजून दाखवतं.

"भाई, आज जीव ओतून रंगवा," अनूबाई म्हणाल्या. "माझी लेक तुमच्या बोटांवर आहे."

देवळामागं कनात लावून रंगपट केला होता. मी इतका जपून आयुष्यात कुणाला रंगवलं नसेल. भुवयांची ठेवण बदलली, नाकाला सावली दिली, गाल भरले. कपाळ तर आरशासारखं केलं. पहिला अंक झाला, दुसरा झाला. अनूबाई कडाडल्या. तात्या पुढच्या खुर्चीत बसून उपरण्यानं डोळे पुसत होते. मी सुटलो म्हणून श्वास सोडला.

आणि मध्यंतरात कनात बाजूला झाली. हौसाबाई आत आली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. अध्यक्षांच्या घरची बाई मध्यंतरात नटीची ओटी भरते, हा त्या गावचा मान. आदल्या साली तिच्या सासूनं भरली होती. ती सासू मध्ये वारली, म्हणून आता मान हौसाबाईचा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कनातीच्या फटीतून ऊन थेट अनूबाईंच्या तोंडावर पडलेलं. आणि त्या एका क्षणात अनूबाई बदलल्या. पाय पसरून बसल्या, पानाची पिंक टाकली, आणि शहरी नटवीचा असा काही चढेल आवाज काढला की मीच दचकलो. "ठेवा हो तिकडे! आम्हाला अजून लुगडं बदलायचंय. या खेड्यातल्या बायकांना वेळकाळ म्हणून नाही. भाई, आरसा द्या इकडे!"

चाल, हात, जीभ, सगळं नवं. तालमीत नाही, संहितेत नाही, जागच्या जागी उभी केलेली एक उद्धट बाई. विधवा मावशीचं नखसुद्धा तिच्यात सापडलं नसतं. मी आरसा उचलताना मनात म्हटलं, या अल्ला, हिला काय दिलंयस तू!

हौसाबाई तशीच उभी राहिली. पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं पाट जमिनीवर मांडला, लुगड्याच्या घोळानं पुसला आणि म्हणाली, "झालं? आता बसा पाटावर, ईनबाई."

अनूबाईंचा पसरलेला पाय हळूहळू जवळ आला.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं. आवाज कुठल्याच कामातला नव्हता.

"त्याच दिशी. पोरगी बघाया आलो तवा."

"कशावरनं? माझं काही चुकलं का?" जात बघा नटीची. जीव टांगणीला लागला होता, तरी विचारलं काय, तर काम चुकलं का!

"तुमचं न्हाई चुकलं. कपाळ चुकलं," हौसाबाई म्हणाली. "अवो, मागल्या जत्रंत म्या म्होरं बसून तुमचं त्वांड बघितलं व्हतं. कपाळ आसंच, कोरं. त्या दिशी बी तसंच कोरं. तरी म्या म्हनलं, आसंल कुनी दुसरी. मग तुमास्नी घाम आला, अन् आतनं हिरवं दिसाया लागलं. म्या म्हनलं, हिला गोंदान हाय, अन् ही झाकतीया! नवरा गेला तर बाई कुंकू पुसती. गोंदान कोन पुसतं? त्ये तर सरणावर बी संगं जातं. इधवेच्या कपाळाला लेप म्या तवा पैल्यांदा बघितला. मग साताऱ्याकडच्या पावन्यांत गुपचूप इचारलं, तर कळलं पोर तुमचीच, अन् नवरा म्हंबईत जित्ता हाय. उघडं ठिवलं आसतं तर माज्या बानं बी तुमाला वळखलं नसतं."

मी हातातला आरसा खाली ठेवला. खरंच की! साऱ्या मुलखानं अनूबाईंचा चेहरा पाहिला होता तो बिनगोंदणाचा. गोंदण असलेली बाई कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही दोघं एवढे धंद्यात मुरलेले, आणि लपवायला निघालो तर नेमकी नटीच उघडी केली. साध्या माणसाला हे सुचलंच नसतं. चूक करायलाही आमचाच धंदा लागला.

"मग मोडलं का नाहीत?" अनूबाईंनी विचारलं.

"कशापाई मोडू?" हौसाबाई पाटासमोर बसली. "माजा एक भाऊ व्हता, ल्हान. गेला तवा मला रडू आलं न्हवतं. घरात कामं, मानसं, कोन रडू देतंय? मागल्या साली तुमच्या नाटकात त्या बाईचा भाऊ जातो, अन् तुमी रडला न्हाई, नुसतं त्याचं पागोटं घडी केलं. मी इतकी रडले की माजी सासू म्हनाली, हिला घरी न्या. तवापासनं मला झोप लागाया लागली बगा." तिनं ताट जवळ ओढलं. "अन् लेकीसाटी तुमी जित्त्या नवऱ्याचं कुंकू पुसलं. त्ये काय नाटक न्हवतं. त्ये मला कळलं."

अनूबाईंच्या डोळ्यांत पाणी भरलं. त्यांनी मान मागं टाकली, डोळे वर केले. काजळ ओघळू नये म्हणून. अजून एक अंक बाकी होता.

हौसाबाईनं खणानारळानं ओटी भरली, कुंकू लावलं आणि अटी सांगितल्या. आवाज बाजारात भाजीचा भाव ठरवतात तसा. "लग्नात आई म्हनून यायाचं. मी ह्यांला सांगते की पोरीची आई जित्ती हाय, नवऱ्यानं टाकलं म्हनून लाजनं मावशी झाली व्हती. त्यात खोटं काय न्हाई. पर नाटकाचं नाव काडायचं न्हाई. जत्रंचा अध्यक्ष आसला तरी ईन नटी म्हनल्यावर ह्यांचं डोकं फिरंल, अन् भावकी हायेच. तवा कपाळ धुवून यायाचं. रंगाचा ठिपका नको अंगावर. गफूरभाई, तुमाला बी सांगतीया. डबी घरी ठिवा."

तिसऱ्या अंकात अनूबाई वाक्य विसरल्या. पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. समोर नायकाच्या कामाला गावातलाच एक गडी होता, पहिल्या अंकात त्यांनी त्याला दहादा सावरलेलं. तो घाबरला, मग म्हणाला, "तुमी मला हेच सांगनार न्हवं, की म्या लेकरांना सांभाळावं?" अनूबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो त्या एका नजरेवर जन्मभर फुशारकी मारत राहिला.

लग्न पिंपळे गुरवलाच, त्याच पटांगणात. मी फेटे बांधायला होतो. कमिटीनं नाटकाचे खांब काढलेच नव्हते, त्यांच्यावरच लग्नाचा मांडव टाकलेला. जिथं अनूबाईंना शिट्ट्या पडल्या होत्या तिथं त्या नेसूच्या साध्या हिरव्या लुगड्यात आल्या. कपाळावर कुंकू, कुंकवाखाली गोंदण, तोंडावर पाण्याशिवाय काही नाही. मांडवात सगळं तेच गाव. तोच नायक पंगतीत वाढत होता, त्यानं त्यांच्या पानात दोनदा बुंदी वाढली. शिट्ट्या मारणारी पोरं त्यांच्या पाया पडली. एकानंही ओळखलं नाही. मी फेट्याची टोकं हातात धरून नुसता बघत राहिलो. आजवर मी त्यांना राणी होताना, कोळीण होताना, विधवा होताना पाहिलं होतं. पण हे सगळ्यांवर ताण होतं. काहीही न करता, फक्त आपलं स्वतःचं तोंड घेऊन ती बाई साऱ्या गावातून अदृश्य होऊन फिरत होती. आणि किती थकलेलं, किती सुंदर तोंड होतं ते! इतकी वर्षं मी रोज झाकत होतो.

कन्यादान मामामामीनं केलं. विहिणीचे पाय धुवायला मात्र अनूबाई बसल्या. हौसाबाईनं पाय पुढं केले आणि दोघींनी एकमेकींकडं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दोघी फुटल्या असत्या.

तात्या माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गफूरभाई, पुढल्या सालीबी तीच बाई आना हां. काय काम करती!" मग शेजारी अनूबाई उभ्या दिसल्या तसं म्हणाले, "ईनबाई, जत्रंला या तुमी बी. नाटक बघा आमच्या गावचं."

"मला न्हाई कळत त्यातलं," अनूबाई पदर सावरत म्हणाल्या.

पुढच्या साली मी तात्यांना सांगितलं की ती बाई सिनेमात गेली. अनूबाईंनी पिंपळे गुरवात पुन्हा पाऊल टाकलं ते नातवाच्या बारशाला.

पण लग्नाच्या दिवसाचं अजून राहिलंच. पाठवणीची वेळ झाली. स्टेजवर अनूबाईंनी किती लेकी सासरी धाडल्या असतील. तो प्रवेश त्या फार संयमानं करायच्या. एक हुंदका, एक आवंढा, पदराचं टोक, बस. लोक वेडे व्हायचे. शालन पाया पडायला वाकली आणि सगळ्या मांडवादेखत म्हणाली, "आई, येते."

अनूबाईंचं सगळं तंत्र कोसळलं. त्या भोकाड पसरून रडल्या. तोंड वाकडं झालं, नाक वाहायला लागलं, आवाज चिरका निघाला. स्टेजवर कुणी असं रडलं असतं तर मी विंगेतून डोळे मिटले असते. गाडी वळणाआड गेली तरी त्यांना थांबता येईना.

मी रुमाल पुढं केला. त्यांनी घेतला, आणि त्याच्या टोकानं डोळ्यांखाली हलकेच टिपायला लागल्या, आम्ही रंगाची माणसं टिपतो तसं, गालावरचं फिसकटू नये म्हणून. मग मध्येच थांबल्या. माझ्याकडं बघून ओल्या तोंडानं हसल्या. आणि रुमाल उलगडून सगळं तोंड, कपाळासकट, खसाखसा पुसून काढलं.